सातवं चित्र

सर, तुमचा तो कोटात हात खुपसलेला इंग्रज मला इथे हॅम्बर्गमध्ये भेटला. आमच्या हॉस्पिटलमधले सर्जरीचे प्रमुख, ज्यांना इथे सगळे नुसतं शेफ म्हणतात, त्यांच्या खोलीत तो खिडकीशेजारी टांगलेला होता, आणखी दोन डॉक्टरांच्या चित्रांच्या सोबतीने. तेच भलंमोठं कपाळ, तेच इवलेसे टोकदार बूट, तोच चहा सांडल्यासारखा पिवळा पडलेला कागद आणि खाली ते खोचक टोपणनाव. मी गेले होते दुसऱ्या दिवशीच्या एका पेशंटच्या हृदयाबद्दल बोलायला, आणि वाक्याच्या मधेच थांबले. शेफ म्हणाले, "काय झालं? ओळखता की काय यांना?" म्हटलं, "ओळखते ना! आमच्या सरांच्या भिंतीवर होते हे." त्यांना गंमत वाटली. जुन्या बाजारात मिळाली म्हणाले, फ्रेम तेवढी नवी केली. "लुस्टिश, नाही का? किती गमतीदार!" असं म्हणत त्यांनी उजव्या हाताने फ्रेम सरळ केली. डावा हात अंगालगत तसाच राहिला. तो हात मी ईस्टरपासून बघत होते, सर. त्या हाताचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचंय.

मी भूलतज्ज्ञ झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "शाब्बास! म्हणजे आता पेशंटला आधी झोपवणार आणि मग बघणार!" ऐकू येतं मला अजून. तर इथे मी पडद्याच्या या बाजूला पेशंटच्या उशाशी बसते आणि पडद्याच्या त्या बाजूला सर्जन उभे असतात. दिवसभर त्यांचे हात बघायचे, एवढं एक काम मला फुकट मिळालेलं आहे. कुणाचा हात घाईचा, कुणाचा देखणा, कुणाचा नुसताच आवाज मोठा, सगळं कळतं. बघायची सवय तुमची. ती कशी लागली ते आमच्या बॅचबाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

तुमच्या ट्युटोरियलच्या खोलीत ती सहा चित्रं होती. एफआरसीएस करायला लंडनला होतात तेव्हा पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेली, राणीच्या काळातल्या एका साप्ताहिकातली. त्या साप्ताहिकात दर आठवड्याला कुणातरी बड्या माणसाचं व्यंगचित्र रंगीत छापून यायचं. मंत्री, न्यायाधीश, जॉकी आणि मधूनमधून डॉक्टर. त्यात आपलं चित्र येणं म्हणजे मान, आणि आलेलं चित्र बघणं म्हणजे शिक्षा, असं तुम्ही सांगायचात. आम्हाला वाटलं होतं, थोर सर्जनांची चरित्रं सांगणार. कसलं काय! पहिल्याच दिवशी तुम्ही एका चित्रापुढे आम्हाला उभं केलंत आणि विचारलंत, "या गृहस्थांना काय झालंय?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तुम्ही म्हणालात, "अरे, चित्रकाराला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने फक्त जे दिसलं ते जरा वाढवून काढलं. डॉक्टर झाला म्हणून माणसाचं शरीर गप्प बसतं का? बघा." मग आम्हाला हळूहळू दिसायला लागलं. एकाची पापणी किंचित उतरलेली. एक असा पाय फाकून उभा, की अंगठा दुखत असणार. एकाच्या कॉलरमधून मान फुगलेली. जगाला तपासणारी ती सहा मोठी माणसं, आणि आम्ही मिसरूड न फुटलेली पोरं त्यांना तपासत होतो. त्या साहेबांना कळलं असतं तर कोर्टात खेचलं असतं त्यांनी तुम्हाला.

आणि तो तुमचा प्रश्न. कुणी काहीही सांगितलं की तुमचा चष्मा खाली यायचा आणि तुम्ही विचारायचात, "पाहिलंस, की बनवलंस?" मला तो पहिल्यांदा बसला तो वॉर्डात. एका म्हाताऱ्या आजोबांचं पोट तपासून मी धडाधड सांगून टाकलं, यकृत दोन बोटं वाढलंय, कडा कठीण आहे, दुखतं. पुस्तकात तसंच होतं. तुम्ही मला थांबवलं नाहीत. शेवटी म्हणालात, "पाहिलंस, की बनवलंस?" मी म्हटलं, पाहिलं. "मग त्यांना विचार, तुझा हात पोटावर कुठपर्यंत आला होता." आजोबा बिचारे खरं बोलणारे. म्हणाले, "पोरीचा हात लई गार व्हता, म्हून मीच धरून ठिवला हुता वरच्या वर." सगळा वॉर्ड हसला. तुम्ही हसला नाहीत. "पुस्तकातलं यकृत पुस्तकाला असू दे," म्हणालात, "यांचं काय ते सांग." मला तेव्हा भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्यानंतर मी न बघितलेलं कधी सांगितलं नाही. हात मात्र अजून गार असतात माझे.

खंडेनवमीला डिपार्टमेंटच्या शिपाईमामांनी त्या सहाही चित्रांना हार घातले होते, आठवतं? ऑपरेशनच्या हत्यारांची पूजा झाली, झेंडूची फुलं उरली, तर मामांनी काचेवर सहा कपाळांना गंध लावलं आणि हार चढवले. त्यांच्या मते ते आपल्या खात्याचे पूर्वज. व्यंगचित्र वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. आम्ही पोटं धरधरून हसलो. एकाने तर उदबत्ती ओवाळून आरतीच सुरू केली. तुम्ही आत आलात, पाहिलंत, आणि आम्हाला वाटलं, आता मामांची खरडपट्टी निघणार. तुम्ही परत बाहेर जाऊन चप्पल काढून आलात, सर. म्हणालात, "राहू द्या. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे न हसता बघितलंय." ते हार वाळून तपकिरी होईपर्यंत तसेच होते.

मग आलं गॅदरिंग. फिशपाँड, नाटक, आणि जिन्याखालचं भित्तिपत्रक. भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे, कारण चित्रं काढणारी मीच एक. तुमचं चित्र काढायचं ही कल्पना सगळ्या बॅचची, पण पेन्सिल माझी. अगदी त्या साप्ताहिकाच्या धर्तीवर काढलं. कपाळ दुप्पट, पाय बाहुलीएवढे, ॲप्रन पोटरीपर्यंत, घुबडासारखे न मिटणारे डोळे, उजवा हात पुढे फेकलेला आणि डावा अंगाला चिकटवलेला. खाली टोपणनावाच्या जागी लिहिलं, "पाहिलंस, की बनवलंस?" सकाळी चिकटवलं आणि दुपारपर्यंत जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पेशंटचे नातेवाईकसुद्धा थांबून "हे मोठे डॉक्टर ना?" म्हणून ओळखत होते. मी हवेत होते. संध्याकाळी मामा आले आणि म्हणाले, "ताई, सरांनी बोलावलंय." मैत्रिणींनी मला असा निरोप दिला की जणू मी परत येणारच नाही.

तुम्ही टेबलामागे बसलेले आहात. चित्र तुमच्यापुढे आहे, भिंतीवरून काढताना एका कोपऱ्याला फाटलंय. तुम्ही मला बस म्हणत नाही. "हा डावा हात," तुम्ही म्हणता, "पाहिलास, की बनवलास?" मला वाटतं, ही थट्टा आहे. तुमच्या तोंडाकडे बघते, तर तिथे थट्टा नाही. "पाहिला, सर." "कुठे?" "राऊंडला. तुम्ही पुढे असता, आम्ही मागे. चालताना तुमचा उजवा हात हलतो. डावा नाही हलत." "खिशात असेल." "नाही, सर. बाहेरच असतो. पण खिशात असल्यासारखा असतो." तुम्ही थोडा वेळ चित्राकडे बघता. "आणि डोळे?" "ते... तुम्ही पापणी फार वेळाने मिटता, सर." तुम्ही उठता, दार उघडता आणि म्हणता, "मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो. तू इथे उभी राहा. माझ्याकडे बघ, तोंडाकडे नको." आणि तुम्ही चालायला लागता. व्हरांड्यात कुणी नाही. तुम्ही जाता, वळता, परत येता. वळताना जरा थांबता. "काय?" "तसंच, सर." तुम्ही मान हलवता. "बरं. नाटकाची तालीम असेल ना तुमची? पळ. आणि चित्र चांगलं आलंय. कान मात्र उगाच वाढवलेस, ते तुझ्या मनचे आहेत."

मला तेव्हा काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला होते, मेंदूचे आजार अजून यायचे होते. महिन्याभराने ऑपरेशनच्या फळ्यावर तुमचं नाव दिसेनासं झालं. हात कापत नव्हता, टाका तिरका जात नव्हता, कुणाची तक्रार नव्हती. मुंबईला जाऊन स्वतःला दाखवून आलात आणि आलात ते सुरी खाली ठेवूनच. आम्हाला तुम्हीच सांगितलंत, आणि तेही कसं! ट्युटोरियलला आलो तर भिंतीवर सहाच्या शेजारी माझं चित्र, फाटका कोपरा चिकटपट्टीने जोडलेला. तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभे. "या गृहस्थांना काय झालंय?" मग तुम्हीच एकेक लक्षण त्या चित्रावर बोट ठेवून सांगितलंत, हात, डोळे, पुढे झुकलेला खांदा, आणि शेवटी आजाराचं नाव, कंपवात. वर म्हणालात, "चित्रकर्तीला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नव्हतं." सगळे हसले, सर, आणि मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. मला तुमचा भयंकर राग आला होता. मला वाटत होतं, मी काढलं म्हणून झालं. मी तो हात तसा काढला नसता, तर तो हलत राहिला असता. वेडेपणा आहे, कळतं. पण त्यानंतर मी माणूस काढला नाही.

लग्न होऊन इकडे यायच्या आधी तुमच्या घरी आले होते. नवरा इथे पीएचडीला होता, मी त्याच्या मागोमाग निघालेले. काकूंनी स्वयंपाकघरातच बसवलं, कारण तुम्ही तिथे बसलेले होतात, खिडकीपाशी, खुर्चीला उशा लावून. काकू तुम्हाला शिरा भरवत होत्या आणि मला "अगं, तिकडे थंडी फार, पायात दोन मोजे घाल" असं सांगत होत्या. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागत होतं. "अजून काढतेस?" म्हणालात. म्हटलं, "नाही, सर." "का?" खोटं बोलायची सोय नव्हती तुमच्यापुढे. म्हटलं, "भीती वाटते." तुमचा चेहरा तर तेव्हा हलतच नव्हता, पण डोळे मात्र तुम्ही असे वटारलेत की माझं तिसरं वर्ष परत आलं. "भीती तुला कसली?" म्हणालात. "हात माझा होता." मग काकूंना खूण केलीत आणि त्यांनी आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला इंग्रज आणून माझ्या मांडीवर ठेवला. तोच, कोटात हात खुपसलेला. माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारून तो जर्मनीला आला, आणि आता आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. मुलगी त्याला आमचे आजोबा समजायची लहानपणी. तुम्ही गेल्याचं मला फोनवर कळलं. बाळंतपण झालेलं, बाहेर बर्फ, तिकिटाचा विचारसुद्धा केला नाही. बाळाला दूध पाजलं आणि इंग्रजाकडे बघत बसले.

तुम्ही दटावल्यावर पेन्सिल परत धरली हे मात्र सांगायला हवं. पण माणसं नाही. कामावरून येताना एल्बे नदीवरच्या फेरीबोटीने येते, अर्धं शहर तेच करतं, तर त्या बोटीत बसून बंदरातल्या क्रेन काढते, बोटी काढते, पाऊस असेल तर काचेवरचा पाऊस. थिएटरच्या मुख्य नर्सबाईंनी ते कागद कॉफीच्या खोलीत पाहिले, आणि शेफची साठी आली तेव्हा त्यांनी मला धरलं. आपल्याकडे साठीशांत करतात, इथे केक कापतात, आणि ज्याची साठी त्यानेच सगळ्यांना बोलवायचं. "त्यांना ती जुनी चित्रं आवडतात ना," बाई म्हणाल्या, "तर तसंच एक तुम्ही काढा, त्यांचं!" मी जा, जा, बघू म्हणाले. इथल्या जा चा अर्थ हो असा होतो, सर. मी आपल्या अर्थाने म्हणत होते, त्यांनी जर्मन अर्थाने घेतलं आणि वर्गणी गोळा करायला गेल्यासुद्धा.

आता माझी पंचाईत बघा. ईस्टरपासून मला दिसत होतं. व्हरांड्यात ते पुढे, आम्ही मागे, अगदी तसंच. डावा हात हलत नव्हता. गाठ मारताना डावी बोटं क्षणभर उशिरा यायची. खांदा आखडलाय म्हणायचे, टेनिसमुळे. ऑपरेशन अजून उत्तम करत होते, आणि अजून सात-आठ वर्षं करायचा त्यांचा विचार होता. म्हणजे एक दिवस ती बोटं उशिरा यायची तेव्हा खाली कुणाचं तरी पोट उघडं असणार, आणि त्या पोटाच्या उशाशी मी. पण बोलणार कोण? तुमच्यापुढे मी उभी राहिले ती अजाण पोर म्हणून. इथे मी जाणती, हाताखालची, परदेशी, आणि या देशात माणसाच्या तब्येतीबद्दल त्याच्या पाठीमागे बोलणं म्हणजे गुन्हाच, तोंडावर बोलणं म्हणजे उद्धटपणा. नवरा म्हणाला, "तुझं काम भूल द्यायचं. नसती उठाठेव कशाला? एवढे सर्जन आहेत तिथे, त्यांना दिसत नाही?" मुलगी जेवता जेवता जर्मनमधून म्हणाली, "मग नको काढूस ना, ममा." पंधरा वर्षांच्या माणसाला सगळं सोपं असतं.

पहिल्यांदा मी त्यांना दोन्ही हात हलवताना काढलं. छान आलं, मिशी आली, पोट आलं, ऑपरेशनची टोपी आली. फक्त ते शेफ नव्हते. दुसराच कुणीतरी खुशालचेंडू माणूस होता. मी दोनदा, तीनदा काढलं, आणि दर वेळी हात हलला की माणूस निसटायचा. इंग्रज भिंतीवरून बघत होता. शेवटी मी चिडून म्हटलं, बघू नकोस, काढते. आणि एका दमात काढलं. डावा हात अंगालगत, कोपरात किंचित वाकलेला, अंगठा तर्जनीवर टेकलेला. लगेच ते शेफ झाले. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अरे देवा, अगदी तेच!" आणि मग वाकून तो डावा हात बघायला लागला.

समारंभ नदीकाठच्या एका हॉटेलात होता. बाहेर हॅम्बर्गचा नेहमीचा पाऊस, आत शॅम्पेनचे ग्लास. चित्रावरचं कापड काढलं आणि जो हशा पिकला! शेफ सगळ्यांत मोठ्यांदा हसले. "गेनाऊ! हाच मी, अगदी असाच!" म्हणाले, आणि उद्याच इंग्रजांच्या शेजारी टांगतो म्हणाले. त्या खोलीत सर्जन होते, फिजिशियन होते, मेंदूचे डॉक्टरसुद्धा दोन होते. सगळ्यांनी चित्राशेजारी उभं राहून फोटो काढले. एकालाही दिसलं नाही, किंवा दिसलं आणि त्यांनी केक घेतला. मी एका कोपऱ्यात उभी होते. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी बघितलेलं काढलं, आता बघायचं त्यांनी, माझी सुटका झाली, असं मी मनाशी म्हटलंदेखील. तुम्ही असतात तर ही पळवाट तिथल्या तिथे बुजवली असतीत.

सगळे जेवणाकडे वळले तेव्हा चित्रापाशी एकच बाई उरल्या होत्या. शेफच्या पत्नी, उंच, पांढऱ्या केसांच्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या. त्या वळल्या आणि माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? हा डावा हात तुम्ही पाहिलात, की चित्रासाठी असा काढलात?" सर, मी हातातला ग्लास खाली ठेवला. ज्या बाईंनी तुमचं नाव ऐकलेलं नाही, तुमची भाषा ऐकलेली नाही, त्या तुमचा प्रश्न विचारत होत्या. मी म्हटलं, "पाहिला." त्या परत चित्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मीही. सकाळी तो बुटाची नाडी बांधायला बसला की मी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जाते. म्हणजे त्याला घाई वाटू नये." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "मला वाटत होतं, हे फक्त मलाच दिसतंय, म्हणजे बहुतेक नसेलच." मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलाल का त्याच्याशी? माझं तो हसण्यावारी नेईल."

सोमवारी मी त्यांच्या खोलीत गेले. माझं चित्र खरोखरच इंग्रजांच्या शेजारी होतं. मी दार लावलं, आणि तुम्ही मला जे करायला सांगितलं होतंत तेच त्यांना सांगितलं. म्हटलं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन या, मी बघते. ते रागावले. चांगलेच रागावले. तुम्ही भूलतज्ज्ञ आहात, मेंदूच्या डॉक्टर कधी झालात, असं विचारलं. मी हलले नाही. चित्राकडे बोट दाखवून म्हटलं, "तुम्हीच म्हणालात, अगदी असाच." ते चित्राकडे बघत राहिले. मग उठले, दार उघडलं आणि चालत गेले. परत आले ते माझ्याकडे न बघता आत गेले आणि दार लावून घेतलं. सगळे तुमच्यासारखे नसतात, सर. त्यांनी माझ्या चित्रापुढे कुणाचा वर्ग घेतला नाही. चित्र दुसऱ्या दिवशी भिंतीवर नव्हतं. पुढे बरेच आठवडे त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि नवरा म्हणाला, "बघ, सांगितलं होतं." मग सुट्टीनंतर ऑपरेशनच्या यादीत त्यांच्या जागी धाकट्या सर्जनचं नाव यायला लागलं. ते त्याच्या मागे उभे राहतात, शिकवतात. फार चांगलं शिकवतात. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दाराकडे बघत ते म्हणाले, "कधीपासून दिसत होतं तुम्हाला?" म्हटलं, "ईस्टरपासून." "बायकोला त्याच्याही आधीपासून," ते म्हणाले, आणि त्यांचा मजला आला.

एवढंच सांगायचं होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, काकूही आता नाहीत, ते इंग्रजाच्या फ्रेमच्या मागे जाईल आणि तिथेच राहील. पण इतकी वर्षं तुमचं चित्र परत काढायची माझी हिंमत नव्हती, आणि आज झाली. आज सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं. व्हरांडा काढला, तुमचं कपाळ काढलं, ॲप्रन काढला. कान या वेळी बेताचे ठेवलेत. तुम्ही टोकाहून परत येताय, आणि चालताना दोन्ही हात हलतायत, डावा जरा जास्तच. तुमच्यासारखं दिसत नाही अजिबात. तरी मी ते फाडलं नाही, समोरच ठेवलंय. विचाराल मला ते ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. बनवलं, सर.